इस्लाममधील ईश्वरेच्छा, मानवी दुःख आणि नैतिक निवाडा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

मराठी माणूस आपल्या दुःखाचे कारण सांगू लागला म्हणजे त्याच्या तोंडी जे शब्द सहजपणे येतात, त्यांपैकी पुष्कळसे मूळचे अरबी आहेत. नशीब, किस्मत, तकदीर आणि मर्जी हे ते शब्द होत. फारसी व दखनीच्या वाटेने ते मराठीत आले आणि इतके मुरले की त्यांचे परकेपण आज कुणाच्या ध्यानीही येत नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे तर मुसलमान असो, मराठा असो, वंजारी असो की बौद्ध असो, पीक बुडाले वा घरातील कर्ते माणूस गेले की प्रत्येकाच्या ओठी हेच शब्द येतात.

या शब्दांचे मूळ अर्थ पाहण्यासारखे आहेत. नशीब म्हणजे वाट्याला आलेला भाग. किस्मत म्हणजे वाटणी. तकदीर म्हणजे मोजून-मापून ठरविणे. ‘मर्जी’ हा शब्द मात्र या तिघांहून वेगळा आहे. तो ‘रज़ा’, म्हणजे संतोष वा प्रसन्नता, या अर्थाच्या मुळापासून आला आहे. परवानगी या अर्थाची मराठीतील ‘रजा’ही त्याच मुळाची होय. ‘धन्याची मर्जी सांभाळणे’ या प्रयोगात तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. परंतु ‘अल्लाची मर्जी’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रसन्नता हा अर्थ मागे पडतो आणि केवळ ‘इच्छा’ एवढाच अर्थ उरतो. अर्थातील हा फरक वरवर किरकोळ वाटतो. तथापि इस्लामी धर्मशास्त्रातील सर्वांत खोल वाद नेमका याच फरकाभोवती उभा आहे. ईश्वराच्या इच्छेवाचून काही घडत नसेल, तर जे जे घडते ते सारे त्याला आवडते असे मानावे काय? आणि तसे मानले, तर अन्याय करणाऱ्यास जाब कोणत्या तोंडाने विचारावयाचा? या प्रश्नाला इस्लामी परंपरेने दिलेले उत्तर समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाची भूमी

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. बालाघाटाच्या रांगांत वसलेला हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे, तर २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तरुणांनीही भोगले आहेत. येथून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळून आले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे या जिल्ह्यात केवळ ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडामातीखाली गाडली गेली.

हे आकडे कुण्या एका धर्माच्या लोकांचे नाहीत. जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे बारा टक्के आहेत. दुष्काळ, भूकंप आणि दारिद्र्य यांना धर्म नसतो. परंतु या सर्व दुःखांचे स्वरूप एकसारखेही नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल. पाऊस न पडणे ही एक गोष्ट आहे, मजुराची मजुरी कापणे ही दुसरी, आणि मुलीला जन्मूच न देणे ही तिसरी. तिन्हींना ‘मर्जी’ हे एकच नाव दिले, तर त्यांतील भेद नाहीसा होतो, आणि भेद नाहीसा झाल्याचा लाभ कुणाला होतो हे सांगावयास नको.

कुरआनातील दोन स्वर

ईश्वरेच्छेविषयी कुरआनात दोन स्वर ऐकू येतात. एक सर्वसत्तेचा आहे. प्रत्येक वस्तू ठराविक मापाने निर्माण झाली आहे (५४:४९). ईश्वराने इच्छिल्यावाचून तुम्हांला इच्छाही करता येत नाही (७६:३०). दुसरा स्वर उत्तरदायित्वाचा आहे. माणसाला तेवढेच मिळते, ज्यासाठी तो झटला (५३:३९). कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही (६:१६४). कणभर चांगले वा कणभर वाईट ज्याने केले, त्याला ते दिसेल (९९:७-८). चौथ्या सूरहमध्ये तर हे दोन्ही स्वर लागोपाठच्या दोन आयतींत येतात. एकीत सर्व काही ईश्वराकडूनच असल्याचे म्हटले आहे, आणि लगेच पुढचीत वाईट जे येते ते माणसाच्या स्वतःकडून येते, असे सांगितले आहे (४:७८-७९).

हे दोन स्वर तर्काने कसे जुळवावेत, यावर पुढे शतकानुशतके वाद झाला. परंतु एक मुद्दा कुरआनाने वादासाठी सोडलेला नाही. ईश्वरेच्छेची सबब पुढे करून स्वतःची सुटका करून घेणाऱ्याला त्याने स्पष्टपणे फटकारले आहे. मक्केतील मूर्तिपूजक म्हणत की ईश्वराची इच्छा असती तर आम्ही असे वागलोच नसतो. हा युक्तिवाद केवळ अटकळ म्हणून झिडकारला आहे (६:१४८). छत्तिसाव्या सूरहमधील, म्हणजे सूरह यासीनमधील, सत्तेचाळिसावी आयत तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच महत्त्वाची आहे. भुकेलेल्याला खाऊ घाला असे सांगितले असता धनिक उलट विचारतात की ज्याला ईश्वराने मनात आणले तर स्वतःच खाऊ घातले असते, त्याला आम्ही का खाऊ घालावे? हा प्रश्न श्रद्धेच्या भाषेत विचारलेला आहे. तरीही कुरआन तो नाकारणाऱ्यांच्या तोंडी घालतो. मुसलमान घरात मरणासन्न माणसाच्या उशाशी जी सूरह वाचली जाते, तिच्यातच ही आयत आहे.

तात्पर्य असे की, ‘ही ईश्वराची इच्छा’ हे वाक्य कोण उच्चारतो यावर त्याची किंमत ठरते. ज्याचे मूल गेले त्याने ते म्हटले, तर तो धीर आहे. भय, भूक, धनहानी व प्राणहानी यांनी तुमची कसोटी घेतली जाईल, असे दुसऱ्या सूरहमध्ये म्हटले आहे, आणि शुभवार्ता आहे ती सब्र करणाऱ्यांना (२:१५५). परंतु ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याने भुकेल्याकडे पाहून तेच वाक्य उच्चारले, तर तो नकार ठरतो.

उमरचे दोन निर्णय

सिद्धान्तापेक्षा आचरणातून ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, इ. स. ६३८-३९ च्या सुमारास, सीरियात अमवासची साथ आली आणि अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. उमर सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची वार्ता कळली. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी परतण्याचे ठरविले. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले की, आपण ईश्वराच्या तकदीरपासून पळ काढता आहात काय? उमरनी होकार दिला. मात्र आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, असे ते म्हणाले. उंट हिरव्या उतारावर चारले काय आणि ओसाड उतारावर चारले काय, दोन्ही ईश्वराच्या विधानातच घडणार. मग शहाण्याने हिरवा उतार का निवडू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे निवड हीदेखील तकदीरचाच भाग आहे. तकदीर माणसाला निवडीच्या भारातून मोकळे करीत नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षाला अरबी इतिहासात ‘आम अल-रमादा’, म्हणजे राखेचे वर्ष, असे नाव आहे. परंपरा सांगते की, उमरनी स्वतः तूप-मांस सोडले, सुभ्यांतून धान्य मागविले, पावसासाठी सामुदायिक प्रार्थना केली, आणि चोरीबद्दल हात तोडण्याची शिक्षा त्या काळापुरती स्थगित ठेवली. याच वृत्तीचा आणखी एक निवाडा इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथात नोंदलेला आहे. एका धनिकाच्या गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली. प्रथम उमरनी शिक्षेचा हुकूम दिला. परंतु मालक आपल्या गुलामांना उपाशी ठेवतो असे वाटताच त्यांनी दंड मालकावर लादला. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती. मालकाला आठशे दिरहम भरावे लागले. गुन्हा हातून घडला गुलामांच्या. निवाडा झाला त्यांना उपाशी ठेवणाऱ्याचा.

उपायाची हीच दृष्टी बीडच्या भूमीवरही पाहावयास मिळते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशाहाच्या काळात, सलाबतखानाने बीड शहराजवळ खजाना विहीर बांधविली. तिचे पाणी भुयारी मार्गाने उताराकडे नेऊन शेतीला दिले जाते. ऐन दुष्काळातही पाणी टिकविणारी विहीर अशी तिची ख्याती आहे. उंट आधी बांध आणि मग ईश्वरावर भरवसा ठेव, या आशयाची एक हदीस प्रसिद्ध आहे. ‘तवक्कुल’ म्हणजे ईश्वरावरील भरवसा; तो हात बांधून बसण्याचे नाव नाही, हे जमिनीत खोदून दाखविणारी ती वास्तू होय.

वादाचा राजकीय उगम

मग इस्लाम दैववादी आहे ही समजूत आली कोठून? तिचे एक मूळ राजसत्तेत आहे. उमरच्या पश्चात काही दशकांनी दमास्कसला उमय्या घराण्याची सत्ता स्थिरावली. आमची सत्ता आणि आमची कृत्ये ही ईश्वराच्याच विधानाने घडत आहेत, हा विचार त्या सत्तेला सोयीचा होता. त्याविरुद्ध माणसाला कर्तृत्व आहे आणि म्हणून जुलमाचा दोष जुलम्याचाच आहे, असे म्हणणारे विचारवंत पुढे आले. त्यांना ‘कदरी’ म्हणत. माबद अल-जुहनी आणि पुढे गैलान अल-दिमश्की यांना या विचारासह सत्तेच्या विरोधात गेल्याबद्दल देहान्त शासन भोगावे लागले. बसऱ्याचे तपस्वी हसन (मृत्यू इ. स. ७२८) यांच्या नावे खलिफा अब्दुल मलिक यास लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते खुद्द त्यांचेच की काय याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु पापाचा भार ईश्वरावर टाकू नये, ही त्या पत्राची भूमिका निःसंदिग्ध आहे. ईश्वरेच्छा आणि मानवी कर्तृत्व हा वाद म्हणजे पंडितांचा निव्वळ विरंगुळा नव्हता. राज्यकर्त्याला जाब विचारता येतो की नाही, हा त्यातील खरा प्रश्न होता.

पुढे मुतजिला पंथाने ईश्वराचा न्याय हाच आपल्या विचाराचा पाया मानला. ईश्वर न्यायी असेल तर त्याने माणसाला मोकळीक दिलीच पाहिजे. न केलेल्या कर्माची शिक्षा न्यायी ईश्वर देणार नाही. उलट अबुल हसन अल-अशअरी (मृत्यू इ. स. ९३६ च्या सुमारास) यांनी ईश्वराच्या सर्वसत्तेला बाधा येऊ नये म्हणून ‘कस्ब’ ही कल्पना मांडली. कृती निर्माण करतो ईश्वर. माणूस ती ‘कमावतो’, आपलीशी करतो, आणि म्हणून तिला उत्तरदायी ठरतो.

समरकंदचे अबू मन्सूर अल-मातुरीदी (मृत्यू इ. स. ९४४) यांचा विचार हनफी परंपरेत मान्यता पावला. मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी असल्याने तो आपल्या अधिक जवळचा होय. मातुरीदी परंपरेने ईश्वराची इच्छा आणि ईश्वराची प्रसन्नता यांत स्पष्ट भेद केला. चांगले व वाईट दोन्ही त्याच्या इच्छेच्या कक्षेत घडते. परंतु वाइटावर त्याची प्रसन्नता नसते. माणसाला निवड दिली आहे, म्हणून वाइटाची शक्यताही दिली आहे. शक्यता देणे म्हणजे पसंती देणे नव्हे. आता ‘मर्जी’ या शब्दाकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्यातील घोटाळा उलगडतो. अन्यायाला ‘अल्लाची मर्जी’ म्हणणे, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने अन्याय अल्लाला आवडतो असे म्हणणे होय. मातुरीदी परंपरेला ते कदापि मान्य होणार नाही.

न सुटलेली गाठ

येथे सारे प्रश्न सुटले असे मानण्याचे कारण नाही, आणि खुद्द इस्लामी परंपराही तसा दावा करीत नाही. अशअरी आणि त्यांचे मुतजिला गुरू अल-जुब्बाई यांच्या संवादाची एक कथा प्रसिद्ध आहे. तीन भाऊ होते. एक पुण्यवान होऊन मेला, दुसरा पापी होऊन मेला, तिसरा बालपणीच मेला. पहिल्याला स्वर्ग व दुसऱ्याला नरक मिळाला, हे न्यायाला धरून झाले. बालकाने विचारले की मला मोठे होऊन पुण्य का करू दिले नाही? गुरू म्हणाले की तू मोठा होऊन पापी होशील हे ईश्वर जाणत होता, म्हणून त्याने तुला वाचविले. तेव्हा नरकातील भाऊ विचारील की मग मलाही लहानपणीच का नेले नाही? यावर गुरू निरुत्तर झाले, असे कथा सांगते.

निरागसाच्या दुःखाचे कारण तर्काने सापडत नाही, हे या कथेचे सार आहे. परंपरेतील उत्तर असे की, ईश्वराच्या कृतीमागील हेतू माणसाला कळतोच असे नाही. परंतु शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा हिशेब चुकता होईल. हे उत्तर ज्याला पटते त्याला ते आधार देते. ज्याला पटत नाही, त्याच्यापुढे प्रश्न तसाच राहतो.

दुःखिताविषयी निवाडा

किल्लारीच्या भूकंपानंतर, प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर होते त्याप्रमाणे, हे कुणाच्या पापाचे फळ, असा प्रश्न माणसांच्या मनात उठला. कुरआनात आद, समूद आणि लूतच्या लोकांवर ओढवलेल्या आपत्तींच्या कथा आहेत, आणि तुमच्यावर येणारे संकट तुमच्याच हातांच्या कमाईचे असते, असेही एका ठिकाणी म्हटले आहे (४२:३०). ही वचने हाती धरून मृतांना पापी ठरविणे सोपे असते.

तथापि त्याच परंपरेत या निवाड्याला तीन लगाम आहेत. पहिला असा की, दूत पाठविल्यावाचून ईश्वर शिक्षा करीत नाही, असे कुरआन सांगतो (१७:१५). मुहंमद हे शेवटचे पैगंबर असल्याने अमुक आपत्ती ही शिक्षाच आहे असे निश्चितपणे सांगणारा अधिकारी माणूस आज कुणी उरत नाही. दुसरा लगाम पैगंबर अय्यूब यांच्या कथेचा आहे (२१:८३). ते निष्पाप असूनही त्यांना असह्य पीडा झाली. तेव्हा पीडा हा पापाचा पुरावा नव्हे. तिसरा लगाम हदीसचा आहे. साथीत मेलेला, पाण्यात बुडालेला आणि कोसळलेल्या बांधकामाखाली सापडलेला माणूस शहीद गणला जातो, असे ती सांगते. किल्लारीला ही हदीस लावून पाहिली, तर ढिगाऱ्याखाली गेलेल्यांवर निवाडा करण्याचा अधिकार संपतो आणि त्यांच्याविषयी केवळ आदर शिल्लक राहतो. मग जाब उरतो तो जिवंतांकडे. तेथील मृत्यूंचे एक मोठे कारण जाड दगडी भिंती आणि धाब्यावरचा मातीचा भार हे होते. पृथ्वी का हलली याचे उत्तर भूगर्भशास्त्र देईल. घर कसे बांधावे याचे उत्तर मात्र माणसानेच द्यावयाचे आहे.

माणसांचे हक्क

इस्लामी नीतिविचारात ‘हुकूकुल्लाह’ आणि ‘हुकूकुल इबाद’ असे दोन वर्ग केले जातात. पहिले ईश्वराचे हक्क, दुसरे माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा चुकला, तर पश्चात्ताप करणाऱ्याला ईश्वर क्षमा करू शकतो. परंतु दुसऱ्या माणसाचा हक्क बुडविला असेल, तर तो परत केल्यावाचून अथवा त्या माणसाने क्षमा केल्यावाचून सुटका नाही. एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण, हे सांगितले आहे. नमाज, रोजे आणि जकात यांचे पुण्य घेऊन जो शेवटच्या दिवशी येईल, परंतु ज्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचे धन लाटलेले असेल, कुणाला मारलेले असेल, त्याचे सारे पुण्य त्या पीडितांत वाटले जाईल. आणि पुण्य पुरले नाही तर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशीही हदीस आहे. उचल, व्याज आणि खाडा यांच्या हिशेबात अडकलेल्या कोयत्याला या दोन हदीसांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठवाड्यात पाऊस ताणला म्हणजे ईदगाहवर ‘नमाज-ए-इस्तिस्का’, म्हणजे पावसासाठीची विशेष नमाज, अदा केली जाते. लोक साध्या, जुन्या कपड्यांत, पायी आणि नम्रपणे मैदानात जमतात; वृद्धांना व बालकांना सोबत नेतात; इमाम आपली चादर उलटी करतात. बाहेरून पाहणाऱ्याला येथे केवळ आकाशाकडे पसरलेले हात दिसतात. परंतु धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या नमाजेपूर्वीची जी तयारी सांगितली आहे, तिच्यात पश्चात्ताप, दानधर्म आणि ज्यांचे हक्क हिरावले असतील त्यांना ते परत करणे यांचा समावेश आहे. आकाशाकडे मागणे मागण्यापूर्वी जमिनीवरचे देणे फेडावयाचे, असा हा क्रम आहे.

मुलींच्या प्रश्नावर तर कुरआनाचा स्वर फार तीव्र आहे. अरबांत काही जण मुलगी जन्मताच तिला पुरीत. एक्याऐंशीव्या सूरहमध्ये शेवटच्या दिवसाचे वर्णन आहे. सूर्य गुंडाळला जाईल, तारे विझतील, आणि पुरलेल्या मुलीला विचारले जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारण्यात आले (८१:८-९). प्रश्न मुलीला विचारला जातो, कारण तिची बाजू कुणीच ऐकलेली नसते. २०१२ मध्ये परळीतील गर्भपाताचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा बीड जिल्ह्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. ‘देवाने दिले नाही’ असे म्हणण्याची सोय ८०७ या आकड्यापुढे उरत नाही. देवावर श्रद्धा असणाऱ्यालाही नाही.

बौद्ध विचाराच्या दृष्टीने

अंगुत्तर निकायातील तित्थ सुत्तात भगवान बुद्धांनी तीन मतांचे परीक्षण केले आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे आहे, सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे आहे, आणि सर्व अकारण आहे, अशी ती मते होत. तिन्ही मते शेवटपर्यंत ताणली तर काय करावे आणि काय करू नये याचा निर्णयच उरत नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप आहे. हत्या करणाराही मग आपल्या मताचा आधार घेऊन मोकळा होईल. इस्लामी विचारवंतांनी ज्या धोक्याशी झुंज दिली, तो हाच धोका होय. त्यांनी ईश्वर कायम ठेवून उत्तरदायित्व वाचविण्याचा प्रयत्न केला. बौद्ध विचाराने निर्मात्या ईश्वराचे गृहीतच स्वीकारले नाही. हा फरक मूलभूत आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. इस्लाममध्ये दुःखाला एक साक्षी आहे आणि एक अखेरचे न्यायालय आहे. बौद्ध विचारात दुःखाला कारणे आहेत, आणि ती दूर करण्याचा मार्ग आहे.

परंतु वरील तीन मतांत पहिले मत पूर्वकर्माचे आहे, हे आपण विसरता कामा नये. संयुत्त निकायातील मोळियसीवक सुत्तात वेदनेची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, अनियमित वागणूक, आघात, आणि या सातांनंतर आठवे कर्मविपाक. तरीही ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे वाक्य या देशात शतकानुशतके दलितांच्या तोंडावर फेकले गेले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दरिद्री व दलितांच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून टाकतो, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्याचा निषेध केला. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला दिला आहे की चोर-दरोडेखोरांना शिक्षा करून उपद्रव संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, म्हणजे तो संपेल. राखेच्या वर्षी उमरनी घेतलेल्या निर्णयाशेजारी हा सल्ला ठेवून पाहावा. तत्त्वज्ञान वेगळे असूनही भुकेल्याच्या चोरीबाबत दोन्ही निवाडे एकाच ठिकाणी पोहोचतात.

‘अल्लाची मर्जी’ आणि ‘कर्माचे भोग’ या दोन्ही वाक्यांना म्हणून एकच कसोटी लावावी लागते. ते वाक्य उच्चारणाऱ्याने स्वतःच्या दुःखाला सामोरे जाण्यासाठी उच्चारले आहे, की दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी? पहिल्या प्रसंगी त्याच्याशी वाद घालणे निर्दयपणाचे ठरेल. दुसऱ्या प्रसंगी गप्प राहणे तितकेच निर्दयपणाचे आहे. बीड जिल्ह्यात मुसलमान आणि बौद्ध मजूर एकाच फडात ऊस तोडतात, एकाच मुकादमाची उचल फेडतात आणि एकाच टँकरपुढे घागरी मांडतात. पाऊस का पडला नाही याविषयी त्यांची मते भिन्न राहतील, आणि ती राहावीत. परंतु पडलेल्या पावसाचे पाणी कुठे गेले, मजुरी का कापली गेली आणि मुलगी का जन्मली नाही, हे प्रश्न विचारण्याच्या आड या दोहोंपैकी कुणाचाही धर्मग्रंथ येत नाही.